जुन्या लोखंडी पाइपाच्या तोंडावरची पितळी षटकोनी वस्तू कोणती?

म्हापशाच्या जुन्या घरात किटकॅट फ्यूजचा (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजचा) पत्र्याचा बोर्ड काढून नवा डीबी (वितरण बोर्ड) बसवताय, आतून वायरच्या पाइपाच्या तोंडावर पितळी षटकोनी बोंडूक दिसतंय आणि नवं २० मिमीचं फिटिंग आट्यांवर बसत नाही, असं तुम्ही म्हणता. ते बोंडूक म्हणजे ब्रास बुश. पत्र्याच्या बाहेर त्याला धरणारा आखूड आट्यांचा तुकडा तो कपलर. बुशची कड गोल असते, त्यामुळे वायरचं इन्सुलेशन कापत नाही.

नवं फिटिंग का बसत नाही, ते व्हर्नियरने (व्यास मोजायच्या मापकाने) बघा. पाइपाचा बाहेरचा व्यास १९ मिमीच्या आसपास भरला, तर पाइप पाऊण इंची आहे. त्याचे आटे इंचाला १६, नव्याचे दीड मिमीला एक. डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणूनच फसगत होते. जोर लावू नका, आटे चिरडतील. जुना बुश-कपलर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून परत वापरा, माझ्या मते भंगारात टाकण्यासारखा नसतोच.

आपल्या दमट हवेत पाइपाचे सांधे गंजतात, तेव्हा अर्थिंगला पाइपावर विसंबू नका. वेगळी हिरवी वायर ओढा. आणि मीटरकडून येणारी वायर मेन स्विच पाडला तरी जिवंतच असते. तिथला पुरवठा वीज खात्याकडूनच तोडून घ्या, काम परवानाधारक वायरमनकडून.