पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी हवी का? काही लपवायचं नसेल तर भीती कसली?

हे दुसरं वाक्य आमच्या मेव्हण्याचं. त्याचा कॅमेरे बसवायचाच धंदा, त्याला कसली भीती?

कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, आमचं दागिने दुरुस्तीचं दुकान आहे. मागं महाद्वार रोडला एका दुकानातून बांगड्या गेल्या. फुटेजमध्ये टोपी घातलेलं, तोंडाला रुमाल बांधलेलं एक पोरगं. कॅमेरा छताला, त्यामुळं टोपीच जास्त दिसत होती. फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, खाली एकानं लिहिलं, "ह्यांचा कारागीर वाटतोय." वाटतोय! संध्याकाळी आमचं कारागीर पोरगं चौकीत बाकावर. ते त्या दुपारी हुपरीला चांदी आणायला गेलेलं. पावतीवर सव्वातीन, फुटेजवर सव्वादोन. म्हणजे चोरी करून जायला वेळ होता म्हणे. मी त्या दुकानात जाऊन डीव्हीआरच्या, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्याच्या, स्क्रीनशेजारी मोबाईल धरला, तर डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास मागं! म्हणजे चोरी खरी तीनला, आणि पाव तासात हुपरी कोण गाठतंय? रात्री सोडलं त्याला. पण गिऱ्हाईकं त्याच्या हातात सोनं द्यायला कचरायला लागली, आणि दिवाळीआधी ते गावी निघून गेलं. त्यानं काय लपवलं होतं, सांगा.

मेव्हणा म्हणतो, माणूस चुकला, मशीन चुकत नसतं. अमेरिकेत डेट्रॉईटला जानेवारी 2020 मध्ये रॉबर्ट विल्यम्सला बायकापोरींसमोर बेड्या घातल्या. घड्याळांच्या दुकानातलं अंधुक फुटेज, आणि मशीननं जुळवला ह्याचा लायसन्सचा फोटो. माणूस भलताच. सॅन फ्रान्सिस्कोनं तर 2019 लाच पोलिसांना हे वापरायला बंदी घातली. आपल्याकडं दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, 80 टक्के जुळलं की आम्ही जुळलं धरतो. सोन्यात एवढी घट धरली तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. आणि 2023 च्या डेटा कायद्यात, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायच्या कायद्यात, सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट द्यायची सोय आहेच. म्हणून माझं मत, बंदी हवी.

आता, नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत हरवलेलं लेकरू ह्यानं सापडणार असेल तर मी आडवा येणार नाही. कॅमेरा माझ्याही दुकानात आहे, मेव्हण्यानंच बसवलाय, बिलही घेतलंय पुरतं.

तुमच्यावर वेळ आलीच तर नुसता स्क्रीनशॉट बघून गप्प बसू नका. मूळ फुटेज मागा, किती टक्के जुळलं ते लेखी मागा. मेव्हणा म्हणतो, एवढं कोण देतंय. मग "भीती कसली" कुठल्या तोंडानं विचारतोस, बाबा?