जपानी प्रार्थनागीतं: सुरुवात कुठून करायची?

स्वागत! पण एकदम शोम्योला हात घालू नका. बौद्ध भिक्षूंचं ते पठण इतकं संथ असतं की नवखा माणूस दहाव्या मिनिटाला कंटाळतो. मीही कंटाळलो होतो.

आधी गोएइका ऐका. शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांचे आणि साइगोकू या पश्चिमेकडच्या भागातल्या ३३ मंदिरांचे यात्रेकरू म्हणतात ती पदं. प्रत्येक मंदिराचं आपलं पद, बहुतेक ५-७-५-७-७ अशा ३१ मात्रांचं, साथीला छोटी घंटा. चाल सोपी, चार वेळा ऐकली की ओठांवर येते.

नवख्यांच्या दोन चुका:
- 'इनोरी' म्हणजे प्रार्थना, 'नेगाई' म्हणजे इच्छा. दोन्हींचा अर्थ एकच धरू नका. आणि आधुनिक गाण्यात 'इनोरी' आलं की देव शोधू नका. तिथे ती बऱ्याचदा दूरच्या माणसासाठी असते.
- शब्द गिळणं. जपानीत 'न्' ची स्वतंत्र मात्रा असते, दीर्घ स्वराच्या दोन. बोटांवर मोजत म्हणा.

मग ओराशो. नागासाकी प्रांतातल्या इकित्सुकी बेटावर छुप्या ख्रिश्चनांनी, त्यांच्या धर्मावर बंदी होती त्या काळात, या प्रार्थना तोंडपाठ जपल्या. त्यातलं 'गुरुरियोझा' हे मुळात 'ओ ग्लोरिओझा दोमिना' हे लॅटिन स्तोत्र. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी फिरून शब्द पार झिजले, तरी म्हणणं थांबलं नाही. १५४९ मध्ये जपानला धर्म घेऊन गेलेले फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाले होते, म्हणून गोंयकारांनी तर हे ऐकाच.

स्वरलिपी, रागपद्धती सध्या बाजूला ठेवा. महिनाभर एकच गोएइका रोज म्हणा, मग पुढचं विचारा.