सायनसमधील सिस्ट : ऑपरेशनचा विचार करण्यापूर्वी

दाढेसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या गालामागच्या सायनसमध्ये (नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळीत) सिस्ट असल्याचे लिहून आले, नाकाचा त्रास मुळीच नाही, तरीही ऑपरेशन करावे लागेल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मात्र काही वर्षांपूर्वी माझ्याही रिपोर्टमध्ये हीच ओळ आली होती.

सायनसच्या अस्तरात स्राव तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीचे तोंड बंद झाले की स्राव आतच साठतो आणि अस्तरात पाण्याच्या पिशवीसारखा फुगवटा येतो. हीच रिटेन्शन सिस्ट. माझ्या सीटी स्कॅनमध्ये काळ्या पोकळीच्या तळातून वर आलेला, गुळगुळीत कडेचा राखाडी घुमट स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांनी मात्र बोट ठेवले ते त्या घुमटावर नव्हे, तर त्याभोवतीच्या हाडाच्या पांढऱ्या रेघेवर, कारण साधी रिटेन्शन सिस्ट हाडाला धक्का लावत नाही. याउलट सायनसची वाटच बंद होऊन तो पूर्ण भरतो, तेव्हा होणारा म्युकोसील हाड पातळ करत पसरतो आणि कपाळाच्या किंवा दोन्ही डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये असल्यास डोळासुद्धा ढकलू शकतो. त्यावर शस्त्रक्रियाच लागते.

आपल्या बाबतीत दाढेचा प्रश्न आधी सोडवावा, असे मला वाटते. मेलेल्या दाताच्या मुळाशी तयार झालेली सिस्ट सायनसचा तळ वर उचलते आणि साध्या एक्स-रेमध्ये हुबेहूब अशीच दिसू शकते. तिच्याभोवती हाडाची बारीक कड असते, जी सीटीमध्ये नीट कळते. अशा वेळी उपचार दाताचा करायचा असतो, नाकाचा नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक तपासतात ते मुख्यतः पॉलिप (अस्तराची मऊ वाढ) किंवा अन्य काही नाही ना, हे पाहण्यासाठी. सायनसच्या आतली सिस्ट त्यात सहसा दिसत नाही.

औषधांबद्दल स्पष्टच सांगतो. मी धीर न धरता अँटिबायोटिकचे दोन कोर्स घेतले आणि सिस्ट तसूभरही हलली नाही. हलणार तरी कशी, आत पू नव्हताच. स्टिरॉइडचा स्प्रे अ‍ॅलर्जीची सूज कमी करतो, सिस्ट विरघळवत नाही. त्रास नसेल तर बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. पुष्कळ सिस्ट वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात, काही आपोआप जिरतात, तर काही फुटून एका नाकपुडीतून अचानक पिवळसर पाणी येते. सिस्टमुळे सायनसचे तोंड अडत असेल, निदानाबद्दल शंका असेल किंवा दंतरोपणासाठी सायनसचा तळ उचलायचा असताना ती आड येत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पूर्वी त्यासाठी वरच्या ओठाखाली छेद घेत असत. आता बहुधा नाकातूनच दुर्बिणीने काम होते. सिस्ट पुन्हा होऊ शकते, हेही आधी ठाऊक असावे. डोकेदुखीसाठी ऑपरेशन सुचवले गेले, तर ती मायग्रेनची नाही ना, हे अवश्य विचारावे.

मात्र एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, गालाला बधिरपणा, दात हलू लागणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास थांबू नये. वाकल्यावर एकाच बाजूने स्वच्छ पाणी वारंवार ठिबकत असेल, तर ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते. तेही लगेच दाखवावे.

तज्ज्ञांकडे जाताना केवळ छापील रिपोर्ट न नेता मूळ फिल्म किंवा सीडी न्यावी, आणि त्याआधी दंतवैद्यांकडून ती दाढ जिवंत आहे की नाही, हे तपासून घ्यावे.