प्रोग्रॅमिंग येतं, सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात जायचंय. आधी मशीन लर्निंग शिकू का?

माझं मत विचाराल तर आधी छेद शिका. अपूर्णांकातला छेद!

दवाखान्याच्या नोंदींतून रुग्ण किती ते कळतं, तो झाला अंश. एका भागात ४० रुग्ण, दुसऱ्यात ४००, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तिथे राहतात किती, त्यांत वयस्कर किती, हा झाला छेद; तो जनगणनेतून किंवा लोकसंख्येच्या नोंदवहीतून घ्यावा लागतो. वयाचा हिशेब धरला नाही, तर जिथे म्हातारी माणसं जास्त तो भाग उगाच आजारी दिसतो.

गूगल फ्लू ट्रेंड्सचं उदाहरण बघा. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज बांधायचा, म्हणून २००८ साली ते सुरू झालं. २०१२-१३च्या हंगामात त्याचा आकडा अमेरिकेच्या अधिकृत आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. शोधणाऱ्यांतले खरे आजारी किती आणि बातम्या वाचून धास्तावलेले किती, हे शोधांच्या ढिगावरून कळत नाही.

दुसरं म्हणजे जोडणी. माझा निम्म्याहून जास्त वेळ दवाखान्याची यादी मृत्यूच्या यादीशी जोडण्यात जातो. एका कामात १ जानेवारीला जन्मलेल्यांची ही गर्दी दिसली. शोधल्यावर कळलं, की नुसतं वर्ष माहीत असलं तर सॉफ्टवेअर दिवस-महिना आपोआप तसा भरत होतं. त्या तारखेच्या भरवशावर वेगवेगळी माणसं एक झाली होती. उलट, लग्नानंतर आडनाव बदललेली एकच बाई दोन झाली होती: एकीला आजार, दुसरी ठणठणीत.

यातली सगळ्यात वाईट चूक दिसतच नाही. मृत्यूची नोंद जुळली नाही, की तो माणूस आमच्या हिशेबात जिवंतच राहतो. ज्यांची नावं नेहमी चुकीची लिहिली जातात, ज्यांचे पत्ते सारखे बदलतात, त्यांचेच मृत्यू असे गळतात आणि कागदावर त्यांची तब्येत चांगली दिसते. मला याची फार टोचणी लागते.

डेन्मार्कमध्ये १९६८पासून प्रत्येकाला स्वतःचा असा एकच क्रमांक असतो, त्यामुळे तिथे जोडणी सोपी. म्हणून तर १९९१ ते १९९८मध्ये जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासून, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही, हे २००२ साली दाखवता आलं. इतक्या मुलांना शोधून प्रश्न विचारत बसायचं म्हटलं असतं तर किती वर्षं गेली असती!

गोपनीयतेबद्दल एवढंच, की नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरही माणूस सापडू शकतो.

तेव्हा एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) पक्कं करा, जोडीला साथरोगशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक वाचा. आणि पहिला डेटा हातात आला, की मॉडेलच्या आधी जन्मतारखांचा आलेख काढून बघा.