ब्रेकचा लाल दिवा लागतो तेव्हा

तुमच्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा वळणावर किंवा उतारावर क्षणभर लागून विझतो, असे तुम्ही लिहिले आहे. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही असे होत असेल, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी आधी पाहा. तिच्यात एक छोटा तरंगता सेन्सर असतो. ऑइल ‘मिन’ म्हणजे किमान पातळीच्या रेषेजवळ आले की गाडी कलताच तो खाली जातो आणि दिवा लागतो.

पातळी पाहून लगेच ऑइल ओतू नका. ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरचे, म्हणजे चाकाच्या तबकडीवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन बाहेर सरकतात, तेथे अधिक ऑइल साठते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणून पॅडची जाडी न पाहता टाकी भरणे म्हणजे गाडीने दिलेली सूचना पुसून टाकणे होय. पॅड चांगले असतील तर गळती शोधा. चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर, तेलकट डाग दिसतो का, ते मी तरी नेहमी स्वतः वाकून पाहतो.

ऑइल घालायचेच झाले तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलेच घ्या, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा वेगळा. मात्र लाल दिवा कायम राहून पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर गाडी चालवू नका, टोइंग बोलवा.