केळीच्या मुळांसाठी मित्रबुरशी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यंदा केळीची कांदे बाग (पावसाळ्यानंतरची लागवड) लावायची आहे. मागच्या बागेत काही झाडे पिवळी पडून कोलमडली. दुकानदार ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास आणि मायकोरायझा कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर ठिबकमधून एकदमच सोडायला सांगतात. ते योग्य आहे का? – एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : कृपया असे करू नये. ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि स्यूडोमोनास हा जिवाणू. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक दोघांनाही घातक असल्याने पैसे मोजून आणलेले हे सजीव टाकीतच मरू लागतात. बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) अटळच असेल, तर दोहोंमध्ये किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे.

त्याआधी मागची झाडे कशाने गेली, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पुन्हा असे झाड दिसल्यास कंद उभा कापावा. आत तांबूस-तपकिरी रेषा असतील तर फ्युजॅरियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाचा संशय घ्यावा. कंद मऊ होऊन दुर्गंधी येत असेल तर ती जिवाणूजन्य कंदकूज असते. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. नमुना जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावा. ट्रायकोडर्मा हानिकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून आपल्या विकरांनी (एन्झाइम) त्यांची भित्तिका विरघळवते, तर स्यूडोमोनास मुळांभोवतीचे लोह स्वतःकडे ओढून रोगकारकांची उपासमार करतो. परंतु हे सारे प्रतिबंधासाठी आहे. कोलमडलेले झाड त्याने उभे राहत नाही.

लागवडीपूर्वी पूर्ण कुजलेल्या 100 किलो शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओलावा राखत, सावलीत आठ ते पंधरा दिवस झाकून ठेवावे आणि मग खड्ड्यात द्यावे. हे शेणखत टाळून नुसती पुडी ठिबकमधून सोडण्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण सेंद्रिय अन्नाशिवाय ही बुरशी जमिनीत टिकत नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, तर हवेअभावी केळीचे मूळ आणि मित्रबुरशी दोन्ही गुदमरतात. म्हणून निचऱ्याचा चर आधी काढावा.

मायकोरायझा ही मुळांशी सहजीवन करणारी बुरशी जिवंत मुळाला चिकटूनच वाढते, त्यामुळे ती रोपाच्या मुळाशी लागवडीच्या वेळीच द्यावी. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर दिल्यास झाड तिला फारसा थारा देत नाही. खरेदी करताना अंतिम मुदत पाहावी आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल घेऊ नये.

प्रश्न : हरभऱ्याच्या बियाण्याला सोयाबीनचे उरलेले रायझोबियम चालेल का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू वेगळा आहे. त्याचेच संवर्धन (जिवाणूखत) 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम, गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. रासायनिक बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावून सुकू द्यावे आणि संवर्धन सर्वांत शेवटी चोळावे.