धरमतरची जहाजं आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : आम्ही पेणजवळ राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. सारखा मोबाइलवर धरमतर खाडीतली जहाजं बघतो, वहीत त्यांची मापं लिहितो. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. त्याला चष्मा आहे. एक एजंट पैसे भरले की थेट जहाजावर चढवतो म्हणतोय. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. – एक आई

उत्तर : ताई, एजंटला एक रुपयाही देऊ नका. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाजवाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याचा, आरपीएसएल (भरतीसाठीचा) परवाना लागतो, आणि नोकरी लावण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदा आहे.

आता चष्मा. डेक कॅडेटला, म्हणजे जहाज चालवायला शिकणाऱ्या उमेदवाराला, चष्म्याशिवाय ६/६ दिसावं लागतं, रंगही नीट ओळखता यावे लागतात. म्हणजे डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) आणि नॉटिकल सायन्सच्या पदवीची वाट त्याला जवळपास बंदच समजा. इंजिन विभागात चष्म्याला काही नंबरापर्यंत सवलत आहे. पण खरं सांगू? वहीच्या त्या पानावर इंजिनाबद्दल एक ओळही नाही.

त्यावर जे आहे ते मला जास्त बोलकं वाटलं. जयगडहून किंवा मुंबईच्या समुद्रातून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा, लोहखनिज आणणाऱ्या छोट्या मालवाहू जहाजांचा 'येताना' आणि 'जाताना' ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय तो आकडा, त्याने शेजारी शेजारी लिहिलाय. एका ठिकाणी दोन्ही आकडे सारखेच, आणि पुढे शेरा : 'बदलायला विसरले?' अगदी बरोबर पकडलंय. एआयएसवर, म्हणजे ॲपला जहाजांची माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेवर, जहाजाची जागा आणि वेग आपोआप जातो, ड्राफ्ट आणि पुढचं बंदर मात्र जहाजावरचा माणूस हाताने भरतो.

त्याला हे गणित घाला. १०० मीटर लांब, २० मीटर रुंद जहाज चौकोनी धरलं, तर एक सेंटिमीटर बुडायला साधारण २० टन वजन लागतं. येताना ४.५ मीटर, जाताना २.५, तर माल किती उतरला? तो ४,००० टन म्हणेल. मग विचारा, रिकामं होताना जहाजाने पोटात पाणी भरून घेतलं असेल त्याचं काय? आणि डीडब्ल्यूटीच्या, म्हणजे जहाज एकूण किती वजन वाहू शकतं त्या आकड्यात इंधन, पिण्याचं पाणी, माणसंसुद्धा धरलेली असतात, मग सगळा मालच कसा? या प्रश्नांत तो तासभर रमला, तर त्याचा जीव मालात आणि जहाजाच्या घडणीत आहे, दर्यावर जाण्यात कमी.

अशा मुलाला किनाऱ्यावर बरंच काम आहे. माल मोजणारे ड्राफ्ट सर्व्हेअर, बंदरातले शिपिंग एजंट, जहाजं भाड्याने ठरवणारे चार्टरिंगवाले. पदवीबरोबर इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्सच्या परीक्षा देता येतात, त्यात सुक्या मालाच्या चार्टरिंगचा स्वतंत्र विषय आहे. गणित पक्कं असेल तर मी नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांची रचना, आधी सुचवेन : आयएमयूच्या (इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटी) विशाखापट्टणम कॅम्पसला बी.टेक. आहे, प्रवेश आयएमयू सीईटीतून. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ६० टक्के हवेत, तेव्हा बोर्डाची परीक्षा हलक्यात घेऊन चालणार नाही. इंजिनचाच हट्ट धरला, तर फॉर्म भरण्याआधी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या.

राहिला मोबाइल. परीक्षेपर्यंत जहाजं दाखवणारं ॲप फक्त समुद्राच्या भरतीच्या वेळी उघडायचं, असं ठरवा. भरलेली जहाजं खाडीत शिरतात ती पाणी चढल्यावरच, त्यामुळे त्याचं फारसं काही चुकणार नाही.